सांडोरच्या माणसाने आकडे फोडले नव्हते

वसई पूर्वेच्या गाळ्यांमध्ये गेली वीस-बावीस वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. गॅसच्या शेगडीचे पितळी भाग बनवणाऱ्या गाळेवाल्यांचा एक गट होता, बरा चालला होता, आणि त्यांच्यातल्याच एकाने सगळ्यांच्या खर्चाचे आकडे कंपनीला नेऊन दिले म्हणून तो मोडला. तो एक म्हणजे सांडोरचा माझा लहानपणापासूनचा मित्र. गोष्ट खोटी आहे. त्याने आकडे दिले नाहीत. ते मी दिले.

इतक्या उशिरा लिहितोय याची लाज आहेच. पण लिहायला बसलोय तो रागाने. गेल्या महिन्यात माणिकपूरच्या एका हॉलमध्ये जे घडलं त्याने माझं डोकं अजून तापलेलं आहे, आणि या वयात डोकं तापलेलं बरं नाही असं डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी.

मी लहान उद्योगांना मदत करणाऱ्या एका सरकारी संस्थेत अधिकारी होतो. मदत म्हणजे काय, ते आमच्या माहितीपत्रकात फार सुंदर छापलेलं असे. आपल्यासारख्या देशांतले छोटे कारखानदार मागे का पडतात? त्यांना आपला खर्च कळत नाही, ते एकमेकांशी स्पर्धा करायला घाबरतात, मोठ्या गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाहीत. हे सगळं आम्ही शिकवायचं. शिबिरांना बाहेरून पाहुणे येत. पडद्यावर बाण काढून दाखवत. ज्याने आयुष्यात कधी लेथच्या हँडलला हात लावला नाही तो माणूस बोटांची टोकं पितळेने हिरवी झालेल्या लोकांना सांगे, की तुम्ही स्पर्धाक्षम व्हा. आणि मी शेजारी उभा राहून त्याचं मराठी करी.

माझी निवड त्या कामावर झाली ती मी इथला म्हणून. आमचे वरचे साहेब उघड म्हणाले होते, "तुम्ही त्यांच्यातले आहात. तुमच्याशी ते खरं बोलतील." ते खरं बोलले. सगळं वाटोळं त्यानेच झालं.

ते खरं का बोलले हे समजायला आमची बागायत माहीत हवी. सांडोरला, निर्मळला, आसपासच्या सगळ्याच गावांत केळीच्या, फुलांच्या, भाजीच्या बागा एका बावखलावर चालत. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं लहान तळं, पाच-सात घरांचं मिळून. आधी त्यावर रहाट होता, मग पंप आला, पण पाण्याची पाळी तीच राहिली. ज्याची बाग जास्त सुकलेली त्याला आधी पाणी. आणि किती सुकली आहे ते ज्याचं त्याने सांगायचं. कोणी वाफे बघायला जात नसे, तो अपमान समजला जाई. खोटं सांगणंही कोणाच्या डोक्यात येत नसे, कारण एकदा खोटं बोललेल्या घराला पुढे लग्नकार्यात कोणी मोठ्या कामाला हाक मारत नसे. माझा मित्र आणि मी एकाच बावखलावरचे. आमचे वडील संध्याकाळी काठावर उभे राहून एकमेकांना विचारत, "तुझं काय कोरडं आहे?" आणि समोरचा सांगे तेवढं आणि तसंच खरं मानून पंप चालू होई.

पुढे बागांवर भागेना तेव्हा आमच्या पिढीतली मुलं मुंबईच्या कारखान्यांत टर्नर, फिटर म्हणून गेली. शिकली आणि परत येऊन वसई पूर्वेला गाळे घेऊन बसली. आठ-दहा जण होते, सगळे बागायतदारांच्या घरातले. त्यांनी धंदाही बावखलासारखाच चालवला. शेगडीच्या कंपनीची ऑर्डर कोणाच्या का नावाने येईना, रविवारी सगळे एकत्र बसत आणि पाळी ठरवत. कोणाची मशीन रिकामी आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय, तसं काम वाटून घेत. एकाची लेथ बंद पडली तर तो शेजारच्या गाळ्यात जाऊन काम करी, भाडं कोणी विचारत नसे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आवडलं होतं. तरी अहवालात मी लिहिलं, 'अंतर्गत स्पर्धेचा अभाव, कार्यक्षमतेस मारक'. असं लिहिलं की वर आवडायचं.

मग मी प्रत्येक गाळ्यात जाऊन खर्च विचारायला लागलो. एका भागाला पितळ किती लागतं, कातल्यावर भुगा किती उरतो, पॉलिशला वेळ किती, पॅकिंगला काय. मित्राच्या गाळ्यात बसलो होतो ते आठवतं. तो मशीनवर होता, माझ्याकडे न बघता उत्तरं देत होता.

"पॅकिंगचं किती धरू?" मी विचारलं.

"त्याचं काय धरायचं? आई नि ही करतात ना घरी, जेवणं झाल्यावर."

"तरी त्यांच्या वेळाचं काहीतरी लिहायला पाहिजे."

"आई तुझ्याकडे पगार मागायला येणार आहे काय? शून्य लिही. खोटं कशाला लिहितोस?" मग मशीन थांबवून हसत म्हणाला, "कोण बघणार आहे हे?"

"मीच."

"मग झालं तर."

बाकीच्यांनीही असंच सांगितलं. एकाला पितळ स्वस्त मिळे कारण त्याचा मेव्हणा भंगाराच्या धंद्यात. एकाचं पॉलिश स्वस्त कारण तो आणि त्याचा भाऊ स्वतः करत. एकाचा गाळा वडिलोपार्जित जागेत, भाडं नाही. ज्याची जी सोय होती ती त्याने प्रामाणिकपणे सांगितली. शहरातला कुठलाही धंदेवाईक माणूस अशा वेळी थोडं वाढवून सांगतो, पुढे घासाघीस होणार हे धरून चालतो. यांनी बागेतलं कोरडं सांगावं तसं सांगितलं.

शेगडीच्या कंपनीचा खरेदी अधिकारी मला जेवायला घेऊन गेला. गोड माणूस. म्हणाला, "सर, तुमचे लोक किती तयारीचे आहेत हे आमच्या वरच्यांना दिसल्याशिवाय मोठी ऑर्डर निघणार नाही." आमच्या संस्थेला त्या वर्षी एक यश दाखवायचं होतं. लहान उद्योग मोठ्या कंपनीला जोडला, असं एक उदाहरण. साहेब रोज विचारत होते. गाळ्यागाळ्यातून विचारून मी सगळ्यांच्या खर्चाचा जो तक्ता केला होता, तो त्या माणसाच्या हातात दिला. मला कोणी फसवलं नाही, कोणी धमकावलं नाही. ताटातली भाजी पुढे सरकवावी इतक्या सहज दिला. आणि मनात असंही म्हटलं, की यातून गाववाल्यांचं भलंच होणार आहे. ती बकवास होती हे मला तेव्हाही आत कुठेतरी कळत होतं.

महिन्याभरात कंपनीचे नवे दर आले. त्यांनी काय केलं होतं? पितळ मेव्हणा भंगारवाला असलेल्याच्या दराने, पॉलिश स्वतः करणाऱ्या दोघा भावांच्या दराने, गाळ्याचं भाडं नाही, आणि पॅकिंग शून्य. आठ-दहा घरांतली प्रत्येकी एकेक सोय उचलून त्यांनी एक असा गाळेवाला तयार केला होता जो वसईतच काय, जगात कुठे नाही. आणि त्याच्या दरात प्रत्येकाने माल द्यायचा. म्हाताऱ्या बाईचं फुकटचं काम एका कंपनीने आपल्या दरपत्रकात धरलं होतं. ते मला कागदावर स्वच्छ दिसत होतं. तरी मी काय केलं? मित्राकडे गेलो.

"तू पहिली ऑर्डर घे," मी म्हटलं. "एकाने सुरुवात केली की दुसऱ्या खेपेला ते दर वाढवतील. मला तसं सांगितलंय त्यांनी."

"या दरात काहीच सुटत नाही रे."

"एकच खेप. माझ्यावर भरवसा ठेव."

ठेवला. टेम्पोत त्याचा माल चढताना सगळ्यांनी पाहिला. पुढच्या रविवारच्या बैठकीत, जिथे आधी पाळ्या ठरायच्या, तिथे त्याला उभं करून विचारलं गेलं की कंपनीला आपल्या घरातल्या गोष्टी कशा कळल्या, आणि तुलाच तो दर कसा परवडला. तो म्हणाला, "आकडे या साहेबांनी दिलेत. ऑर्डर घ्यायला पण त्यांनीच सांगितलं." आणि माझ्याकडे बोट केलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो.

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "कंपन्यांकडे त्यांची त्यांची माहिती असतेच."

एवढंच. वाक्य सरळ खोटंही नव्हतं, खरंही नव्हतं. सरकारी कामात आयुष्य काढलं की अशी वाक्यं तोंडात तयारच असतात. मग कोणीतरी त्याला फितूर म्हणालं आणि तो उठून गेला. त्याच्या मागोमाग जायला मला काय झालं होतं? मी चहा घेतला आणि बसून राहिलो.

दुसऱ्या खेपेला दर वाढला नाही, उलट कमी झाला. पाळी मोडली. जो तो आपापला दर वेगळा पाठवू लागला, शेजाऱ्यापेक्षा थोडा कमी, मग आणखी थोडा कमी. आता ते खरोखर स्पर्धा करत होते, आम्ही शिकवलं होतं तशी. काही वर्षांत निम्मे गाळे बंद झाले. तिथे आज ऑनलाइन पार्सलांची गोदामं आहेत आणि ज्यांनी मशीनवर पितळ कातलं त्यांची मुलं त्या गोदामांच्या गेटवर वॉचमनच्या शेजारी डिलिव्हरीची वाट बघत बाईकवर बसलेली असतात. कंपनीने तर पुढे भागही परदेशातूनच मागवायला सुरुवात केली. आणि मी? आमच्या संस्थेच्या पुस्तिकेत हे उदाहरण यशस्वी म्हणून छापून आलं. मला बढती मिळाली. मी परिषदांत जाऊन त्यावर भाषणं केली. मला शाली मिळाल्या. त्या शाली माझ्या माणिकपूरच्या फ्लॅटच्या कपाटात आहेत, बायको म्हणते कोणाला तरी देऊन टाक. कोणाला देऊ?

मित्राचा गाळा मात्र बंद पडला नाही. तो एकटा पडला. त्याची लेथ बिघडली तर शेजारच्या गाळ्याचं शटर अर्धं खाली यायचं. त्याने कंपनी सोडली आणि जुन्या शेगड्यांच्या दुरुस्तीचे सुटे भाग करून दुकानांना विकू लागला. काम थोडं, पण चाललं. आता त्याची मुलगी गाळा बघते. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेली, तिने नव्या मशीन आणल्या आणि हॉटेलांच्या मोठ्या शेगड्यांचे कॉक, म्हणजे गॅस चालू-बंद करायच्या तोट्या, करायला घेतले. ते कॉक निकेल-क्रोमने चकचकीत करून द्यावे लागतात, म्हणजे प्लेटिंग हवं. गाळ्यागाळ्यातल्या प्लेटिंगच्या टाक्या त्यांच्या घाण पाण्यामुळे सरकारने बंद केल्या. त्याऐवजी गाळेवाल्यांच्या नव्या संघाने सरकारी योजनेतून एक सामाईक प्लेटिंगचं युनिट उभं केलं. पण ते फक्त सभासदांसाठी. आणि तिचा सभासदत्वाचा अर्ज संघ तीनदा पुढे ढकलून बसला होता. बापाने फितुरी केलेल्या घराला कसं घ्यायचं? बाहेर दूर माल पाठवून प्लेटिंग करून आणणं तिला परवडत नव्हतं. अर्ज मंजूर झाला नाही तर गाळा बंद, हे मला तिनेच रिक्षा स्टँडवर भेटल्यावर सांगितलं. माझ्याविषयी तिला किती माहीत होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"काका, तुम्हाला बोलावलंय ना त्यांनी मीटिंगला? मार्गदर्शक म्हणून?"

"हो."

"मग करा मार्गदर्शन," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

तीच ती मीटिंग, गेल्या महिन्यातली. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, गुलाबाचं फूल दिलं होतं. एक तरुण सल्लागार आला होता. लॅपटॉप, पडदा, बाण. काय सांगत होता? "आपण सगळ्यांची कॉस्ट शीट एका प्लॅटफॉर्मवर टाकू. बायर्सना ट्रान्सपरन्सी दिसते, मग क्लस्टर कॉम्पिटिटिव्ह होतो." माझ्या हातातलं फूल चुरगळलं गेलं. त्या खरेदी अधिकाऱ्यासारखाच गोड चेहरा, फक्त कपडे चांगले. त्याला वाटत असेल आपण नवीन काही सांगतोय. मलाही तसंच वाटलं होतं.

मग अर्जांचा विषय निघाला. मित्राच्या मुलीचं नाव आलं. अध्यक्ष म्हणाले, "हा विषय पुढच्या वेळी." मागून कोणीतरी म्हणालं, "त्यांना घ्यायचं तर पप्पांचा नंबर पण घ्या. कॉस्ट शीट कुठे पाठवायची तो बरोबर सांगेल." हॉल हसला. ती शेवटच्या रांगेत बसली होती. हसली नाही, उठलीही नाही.

मी उभा राहिलो. माईक मागितला नाही. जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. तक्ता, जेवण, पहिली ऑर्डर, कोपऱ्यातली खुर्ची. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल, कोणीतरी माझी कॉलर धरेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

तरुण सल्लागार म्हणाला, "सर, इट्स ओके. ते सगळं लर्निंग असतं."

"गप बस," मी त्याला म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या पाहुण्याला असं बोललो.

मग जुन्या गटातला सर्वांत वयस्कर गाळेवाला, जो त्या रविवारीही होता, तो बसल्या जागेवरूनच बोलला. "बस खाली. आम्हाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तूच दिलेस ते. त्याने सांगितलं ना तेव्हाच. तुझं तोंड बघितलं की आम्ही."

"कधीपासून ठाऊक होतं?"

"त्या रविवारपासून, अजून कधीपासून?"

मला आधी समजेचना. "मग त्याला का हाकललंत?"

"आणि तुला चोर म्हटलं असतं तर?" म्हातारा म्हणाला, अगदी शांतपणे, जणू मला हिशेब समजावतोय. "लेथ घ्यायच्या सरकारी अनुदानावर सही कोण करणार होतं? तू आमचा साहेब होतास. तो काय, आमच्यासारखाच एक गाळेवाला."

हॉलमध्ये दोघा-तिघांनी माना हलवल्या. एकानेही खाली घातली नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की त्यांना फसवून मी एका माणसाचं नाव घालवलं. फसलं कोणीच नव्हतं. सगळ्यांनी मिळून, डोळे उघडे ठेवून, ज्याचा उपयोग नव्हता त्याला बाहेर टाकलं आणि ज्याचा उपयोग होता त्याला शाल दिली. बावखलांवर वाढलेली माणसं. माझ्या अपराधाने माझी झोप घालवली होती. यांची कसली झोप गेली नाही, यांनी अनुदान घेतलं. माझा दोष त्याने तसूभर कमी होत नाही. पण राग एकट्या माझ्यावर धरला की पुरे असं मला वाटत होतं, ते चुकीचं निघालं.

मुलगी उठून पुढे आली. "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं ना? मग आजच्या इतिवृत्तात लिहा. माझ्या वडिलांनी आकडे दिले नव्हते, एवढं एक वाक्य."

अध्यक्ष चुळबुळले. "अगं बाई, मेंबरशिप घे ना. आत्ता देतो, ठराव करतो. जुनं कशाला लिहायचं? उद्या वरून कोणी फाइल मागितली तर उगाच प्रश्न."

"लिहिणार नाही?"

"समजून घे थोडं."

तिने टेबलावरचा आपला अर्ज उचलला. मला वाटलं आता अर्ज फाडेल, आणि खरं सांगतो, मला तसं हवं होतं. तिने फाडला नाही. "सोमवारी माझा माल जायचाय," म्हणाली आणि सही केली. तिचं बरोबर होतं. तिच्या गाळ्यात चार बायका कामाला आहेत. मला बघायला आवडेल म्हणून तिने धंदा का बंद करावा?

बाहेर जिन्यावर मी तिला गाठलं. ती म्हणाली, "काका, मी थँक्यू म्हणणार नाही."

"नकोच म्हणू."

"आणि पप्पांना मी सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं. घरी येऊन."

इतक्या वर्षांत मी सांडोरला त्याच्या घरी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. तो मागच्या बाजूला केळीची वाळकी पानं कापत होता. गुडघे गेलेत त्याचे, एका हाताने खोडाला धरून उभा होता. मला बघून कोयता खाली ठेवला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हॉलमध्ये काय बोललो, म्हातारा काय म्हणाला, ठराव काय झाला आणि काय झाला नाही.

"म्हणजे माहीत होतं हरामखोरांना," तो म्हणाला.

"हो."

"आणि तुला आता तोंड फुटलं. रिटायर होऊन, पेन्शन घेऊन."

"हो."

"माझ्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं एकदा, ठाऊक आहे? या गोष्टीवरून."

मला ठाऊक नव्हतं. त्याने घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "हिच्यासमोर बोल," तो म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा सासूबाईंबरोबर बसून पॅकिंग करायच्या त्या याच वहिनी.

मग त्याने कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला हाक मारली. शेजारी फुलं तोडत होता, त्याला कमी ऐकू येतं. "मोठ्याने बोल," मित्र मला म्हणाला. "साहेबी आवाजात नको."

"आकडे मी दिले होते!" मी ओरडलो. "याने नाही!" रस्त्यावरून स्कूटरवर जाणारी एक बाई थांबून बघायला लागली.

शेजारी म्हणाला, "कसले आकडे?"

"सगळं सांग त्याला," मित्र म्हणाला. "पहिल्यापासून." मी सांगितलं, ओरडून, पितळेपासून टेम्पोपर्यंत. स्कूटरवाली बाईही ऐकत उभी राहिली. माझा घसा बसला. मला वाटलं आता तो पाणी विचारेल.

त्याने कोयता खोडाला टेकवून ठेवला, पायरीवरच्या चपला पायात घातल्या आणि काठी घेतली.

"चल," म्हणाला. "अजून बरीच घरं आहेत."